इंदूर : व्यापाऱ्यांच्या शब्दावर वाढलेले शहर

कोणतेही नगर भरभराटीस येते त्याला काही ना काही कारण असावे लागते. काशी-नाशिक यांसारखी नगरे तीर्थांच्या पुण्याईने वाढली. सुरत-मुंबईला समुद्राने हात दिला. ग्वाल्हेर, देवगिरी ही स्थाने दुर्गांच्या आश्रयाने नावारूपास आली. माळव्याच्या पठारावरील इंदूर शहराला यांपैकी एकाही गोष्टीचा आधार नाही. क्षिप्रेचा तीर उज्जयिनीच्या वाट्याला गेला, नर्मदेचा घाट महेश्वराच्या वाट्याला गेला, आणि इंदूरच्या वाट्याला कान्ह व सरस्वती या दोन लहानशा नद्या आल्या. येथे बंदर नाही, दुर्गम किल्ला नाही, भूमीच्या पोटात खाणीही नाहीत. असे असूनही १९०१ च्या जनगणनेत सुमारे ८६ हजार वस्ती असलेले हे शहर १९५१ मध्ये तीन लाखांच्या पुढे गेले आणि २०११ मध्ये साडेएकोणीस लाखांच्या घरात पोहोचले. आज मध्य प्रदेशातील ते सर्वांत मोठे शहर आहे. हे कशामुळे घडले, याचा शोध घेऊ लागले असता एकच उत्तर वारंवार पुढे येते : व्यापाऱ्याचा शब्द आणि त्या शब्दावर इतरांनी टाकलेला विश्वास. आपणां व्यापारी बांधवांच्या दृष्टीने या शहराचा इतिहास म्हणूनच विशेष मननीय आहे.

प्रारंभ

शहराचे नाव इंद्रेश्वर महादेवाच्या प्राचीन मंदिरावरून पडले असे मानले जाते. ते मंदिर ज्या भागात आहे त्याला आजही ‘जुनी इंदूर’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या प्रारंभी या परगण्याची जमीनदारी कंपेलच्या मंडलोई घराण्याकडे होती. माळव्यातून दक्षिणेकडे जाणारे मोगली लष्कर या ना त्या वाटेने सतत येत-जात असे आणि त्याच्या वाटेवरची गावे उजाड होत. राव नंदलाल मंडलोई यांनी १७१६ च्या सुमारास कान्ह नदीच्या काठी नवी पेठ वसवली आणि तेथे येणाऱ्या व्यापाऱ्यांना जकातमाफीची सवलत मिळवून दिली, असे परंपरा सांगते. या शहराची पहिली वीट राजवाड्याची नसून बाजाराची आहे, ही गोष्ट पुढच्या तीनशे वर्षांचा अर्थ लावताना लक्षात ठेवण्याजोगी आहे.

१७३० नंतरच्या दशकात पहिल्या बाजीरावांनी माळव्याचा मोठा भाग मल्हारराव होळकरांच्या हाती सोपवला आणि इंदूर मराठी सत्तेखाली आले. मल्हाररावांच्या पश्चात अहल्याबाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत राज्य केले. त्यांची राजधानी महेश्वरी होती. परंतु इंदूरच्या व्यापारावर त्यांची कृपादृष्टी कशी होती, याची एक हकिकत इंग्रज अधिकारी सर जॉन माल्कम यांनी आपल्या माळव्याच्या इतिहासात नोंदवून ठेवली आहे. देवीचंद नावाचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. त्या वेळी तुकोजी होळकरांच्या सैन्याचा तळ इंदूरजवळ पडला होता, आणि काही हितसंबंधी लोकांच्या सांगण्यावरून तुकोजींनी त्या संपत्तीत वाटा मागण्याचे मनात आणले. सावकाराची विधवा तडक महेश्वरी गेली. अहल्याबाईंनी तिची कैफियत ऐकून वस्त्रे दिली, घरदार व द्रव्य यांची ती एकटी मालकीण असल्याचे मान्य केले, आणि सेनापतीस आज्ञा पाठवली की, इंदूरपासून तळ हलवावा व आपल्या शहरास अन्याय्य मागण्यांनी त्रास देऊ नये. प्रजेपैकी कोणी श्रीमंत झाला तर त्याच्याकडून अधिक उकळावे असे या राज्यकर्तीस वाटत नसे. त्याला अधिक संरक्षण देणे हे ती आपले कर्तव्य समजे, असा माल्कम यांचा अभिप्राय आहे. ज्या गावात विधवेचे धन सुरक्षित राहते, त्या गावी सावकार आपली पेढी घालतो. इंदूरची भरभराट येथून सुरू झाली.

सराफा आणि अकरा पंच

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. जानेवारी १८१८ मध्ये मंदसौरचा तह झाला आणि राजधानी इंदूरला आली. त्यानंतरच्या शंभर वर्षांत शहराच्या सराफ्यात मारवाड, गुजरात व बुंदेलखंड या प्रांतांतून आलेल्या जैन व वैष्णव घराण्यांच्या पेढ्या नांदू लागल्या. या पेढ्यांच्या हुंड्या मुंबई, कलकत्ता, जयपूर अशा दूरदूरच्या बाजारपेठांत सकारल्या जात.

या व्यापाराचा एक मोठा आधार अफू हा होता, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माळव्याच्या काळ्या जमिनीत खसखशीचे पीक उत्तम येई. १८३१ च्या सुमारास इंग्रज सरकारने पेटीमागे ठरावीक कर घेऊन माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनकडे नेण्याचे परवाने देण्यास प्रारंभ केला, आणि इंदूरचा सरकारी काटा हे या व्यापाराचे एक मुख्य ठाणे बनले. चीनशी होणारा हा व्यापार १९१३ मध्ये थांबला. त्या पैशाचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या समाजास तर तो विचार करावयास लावणाराच आहे. परंतु तो पैसा पुढे कापूस, सूत आणि कापड यांच्या धंद्यात आला आणि शहराच्या औद्योगिक जीवनाचा पाया त्यावर घातला गेला, हेही तितकेच खरे.

या सराफ्याचे स्वतःचे एक न्यायासन होते. आघाडीच्या अकरा पेढ्यांची ही पंचायत ‘ग्यारह पंच’ या नावाने प्रसिद्ध होती. हुंडीचा तंटा, भागीदारीतील बखेडा, दिवाळखोराच्या देण्याची विल्हेवाट असे प्रश्न तिच्यापुढे येत आणि दरबारही तिच्या निर्णयास मान देई. कोर्टकचेरीत वर्षे घालवण्यापेक्षा चार जाणत्या माणसांसमोर चोपडी उघडून बसणे व्यापाऱ्यांना अधिक पसंत होते. चोपडी खोटी ठरली तर शिक्षा दंडाची नसे. बाजारातून माणूस उठे, हीच शिक्षा.

एक कोटीचे कर्ज

सराफ्याच्या या शहाणपणाची लागण राजघराण्यालाही झाली असावी. १८७० च्या सुमारास दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत १०१ वर्षे, व्याज दरसाल शेकडा साडेचार. संस्थानिकाने सार्वभौम सत्तेस सावकारी पद्धतीने कर्ज द्यावे, आणि त्या पैशातून आपल्याच राजधानीपर्यंत लोहमार्ग आणवून घ्यावा, हा व्यवहार कोणाही मुरलेल्या सराफास शोभणारा आहे. नर्मदेवर पूल बांधून आणि पातालपाणीचा अवघड घाट चढून १८७८ पर्यंत गाडी इंदूरला येऊ लागली. रेल्वे येण्याच्या आधीच, १८६६-६७ च्या सुमारास, तुकोजीरावांनी सरकारी कापडगिरणीचे काम हाती घेतले होते. तिची यंत्रे खांडव्याहून हत्तींच्या साहाय्याने घाट चढवून आणली, असे सांगतात.

विसाव्या शतकात खाजगी भांडवल पुढे आले. मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल, आणि सरकारी गिरणी ज्यांच्याकडे आली त्या भंडारी घराण्याची मिल अशा गिरण्यांची धुरांडी शहरावर उभी राहिली. पहाटेच्या भोंग्यावर घरोघरची घड्याळे लावली जाऊ लागली. महाराजा तुकोजीराव यांच्या नावाचे कापड मार्केट गजबजले, सियागंजात किराण्याच्या घाऊक व्यापाराने जम बसवला आणि माळव्यातल्या खेड्यापाड्यांचा दुकानदार ‘माल भरावयास’ इंदूरला येऊ लागला.

सर सेठ हुकुमचंद

या कालखंडाचा विचार सर सेठ हुकुमचंद (१८७४–१९५९) यांच्या नावावाचून पुरा होत नाही. दिगंबर जैन समाजातील या पुरुषाने कापसाच्या सौद्यांत अफाट द्रव्य मिळवले आणि लोक त्यांना ‘कॉटन किंग’ म्हणू लागले. सट्ट्यात मिळवलेले धन सट्ट्यातच घालवणारे पुष्कळ असतात. हुकुमचंदांनी ते गिरण्यांत घातले, आणि कलकत्त्याजवळ तागाची गिरणी काढून त्या वेळी युरोपियनांच्या मुठीत असलेल्या धंद्यातही एका भारतीयाचे पाऊल रोवले. धर्मशाळा, पाठशाळा, औषधालये अशा त्यांच्या दानाच्या खुणा इंदूरच्या अनेक भागांत आढळतात. १९१८ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरले, तेव्हा दक्षिणेतील हिंदी-प्रचारासाठी त्यांनी दहा हजार रुपये दिले.

इतवारिया बाजारातील काँच मंदिर हे त्यांचे चिरस्मारक होय. बाहेरून साध्याशा दिसणाऱ्या या जिनालयात प्रवेश करताच भिंती, छत, खांब, दारे, इतकेच नव्हे तर पायाखालची भूमीसुद्धा काचेने मढवलेली दिसते. गाभाऱ्यात भगवान शांतिनाथांची मूर्ती विराजमान आहे, आणि समोरासमोरच्या आरशांमुळे तिच्या प्रतिबिंबांची मालिका दृष्टी पोहोचेल तेथवर जाते. भिंतींवरील काचचित्रांत जैन कथा, तीर्थक्षेत्रे आणि अधर्माची फळे दाखवली आहेत. दर्शनास आलेल्या व्यापाऱ्यास त्या चित्रांत एकदा स्वतःचाही चेहरा दिसतो. हे कारागिराने मुद्दाम योजले होते किंवा कसे, ते सांगता येत नाही; पण परिणाम मात्र होतो.

पाहण्याजोगी स्थळे

नव्याने येणाऱ्या प्रवाशाने राजवाड्यापासून आरंभ करावा. खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी असा हा सात मजली प्रासाद १८०१, १८३४ आणि १९०८ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. १९८४ च्या दंगलीत त्याचा मागील भाग पुन्हा जळाला, आणि प्रत्येक वेळी तो सावरून उभा राहिला. जवळच कृष्णपुऱ्यात नदीकाठी होळकरांच्या छत्र्या आहेत. १८८६ ते १९२१ या काळात टप्प्याटप्प्याने पूर्ण झालेला लालबाग महाल, १९०४ मध्ये बांधलेले व आता गांधीजींच्या नावाने ओळखले जाणारे सभागृह, बडा गणपती, खजराणा येथील गणेश मंदिर आणि विमानतळापलीकडील गोम्मटगिरीवरील बाहुबलींची मूर्ती व चोवीस तीर्थंकरांची मंदिरे ही स्थळे चुकवू नयेत.

खाण्यापिण्याच्या बाबतीत इंदूरकरांचा उत्साह सर्वश्रुत आहे. सकाळी पोहे-जिलबी आणि दिवसभर शेव हा तेथील नेम होय. रात्री सराफ्याचे दृश्य पाहावे. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर आणि समोरच्या गल्लीत भुट्ट्याचा कीस, गराडू, खोबऱ्याचे पॅटिस, मालपुवा यांच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली म्हणजे पेढ्यांना आयती राखण होते, असा जुन्या सराफांचा हिशेब होता म्हणतात. यातील मौज अशी की, त्या पेढ्यांचे पुष्कळसे मालक सूर्यास्तानंतर अन्न घेत नाहीत, आणि गराडू तर कंद म्हणून त्यांना वर्ज्यच. स्वतः ज्याला शिवावयाचे नाही त्या धंद्यासही आपली पायरी मोकळी करून द्यावी, ही उदारता व्यापारी शहरातच आढळावयाची.

मराठी वाचकास इंदूर परके वाटत नाही. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने येथे भरली. १९३५ मध्ये तर मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांची संमेलने याच शहराने भरवली. दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांच्या चित्रशाळेतून ना. श्री. बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन यांसारखे चित्रकार निघाले. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरी झाला.

भोंगे थांबले

येथवरचा इतिहास चढाचा आहे. पुढचा भाग मात्र सांगावयास सोपा नाही, आणि व्यापारी संघाच्या पानांत तो टाळणे योग्यही नाही.

१९५६ मध्ये नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला गेली आणि इंदूरजवळ धंदा तेवढा राहिला. त्या धंद्याचा कणा असलेल्या गिरण्या मात्र आतून झिजत चालल्या होत्या. जुनी यंत्रे बदलली गेली नाहीत, यंत्रमागाचे स्वस्त कापड आणि कृत्रिम धाग्याचे वस्त्र बाजारात आले, कर्जे वाढली. १९७४ मध्ये काही गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या; तरीही ऱ्हास थांबला नाही. हुकुमचंद मिल १९९१-९२ च्या सुमारास बंद पडली, आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत इंदूरचा शेवटचा भोंगाही थांबला.

गिरणी बंद पडणे हा धंद्यातील जयापजयाचा भाग म्हणता येईल. परंतु हुकुमचंद मिलच्या कामगारांचे थकलेले वेतन, उपदान आणि भरपाई यांचा प्रश्न पुढे तीन दशके लोंबकळत राहिला. कंपनी अवसायनात निघाली. कायद्याने कामगारांचे देणे तारणधारक बँकांच्या बरोबरीचे मानले होते. पण देणे फेडावयास जी एकच मोठी मालमत्ता उरली होती ती सुमारे ४२ एकर जमीन होती, आणि तिची मालकी कोणाची, ती विकावी कशी, यावरच वाद चालू राहिले. शहर भोवताली वाढत गेले, त्या जमिनीचा भाव चढत गेला, आणि तिच्यावर ज्यांचा घाम सांडला होता ती माणसे म्हातारी होत गेली. अखेर गृहनिर्माण मंडळ व महापालिका यांच्यामार्फत तोड निघाली आणि २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आला. तोपर्यंत अनेक कामगार इहलोक सोडून गेले होते, आणि त्यांच्या वाट्याची रक्कम घेण्यास त्यांच्या विधवा व मुले आली.

येथे दोष कोणा एकाचा नाही. कागदोपत्री प्रत्येक पक्षाजवळ आपापले कारण होते. पण आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अन्नपाननिरोध’ हा एक आहे. आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाचे अन्नपाणी अडवून ठेवणे, असा त्याचा अर्थ. शस्त्र न उचलताही हिंसा घडते, हे त्यांनी ओळखले होते. अकरा पंचांसमोर दिवाळखोराचे देणे वाटून संपत असे. ज्या शहरात तसा न्याय होता, त्याच शहरात मजुराचे देणे मिळावयास बत्तीस वर्षे लागावीत, याचा खेद कोणाही विचारी व्यापाऱ्यास वाटल्यावाचून राहणार नाही.

नवे इंदूर

गिरण्या गेल्या तरी शहर बसले नाही, यात त्याची चिवटता दिसते. शेजारच्या धार जिल्ह्यात पिथमपूर येथे १९८० नंतर कारखान्यांची वसाहत उभी राहिली. तेथे मालमोटारी व इतर वाहने तयार होतात, औषधांचे कारखाने आहेत, आणि मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. शेतीतही मोठे परिवर्तन घडले. माळव्याची काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात बहुधा पडीक ठेवीत. १९७० नंतर तेथे सोयाबीनचे पीक पसरले, आणि तेल काढण्याच्या व पेंड निर्यात करण्याच्या धंद्याचे इंदूर हे केंद्र झाले. सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९८७ पासून याच शहरी आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था (१९९६) आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था (२००९) आल्या, संगणक-व्यवसायाच्या मोठ्या कंपन्यांनी येथे आपली स्थाने उभारली, आणि ३१ मे २०२५ रोजी मेट्रो गाडीचा सुमारे सहा किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला.

तथापि अलीकडे इंदूरचे नाव सर्वतोमुखी झाले ते स्वच्छतेमुळे. याही गोष्टीला जुना धागा आहे. १९१७ च्या सुमारास पॅट्रिक गेडिस हे नगररचनाकार होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून आले होते. शहरात प्लेगचे भय होते. गेडिस यांनी दिवाळीची भव्य मिरवणूक योजली, आणि ज्या मार्गावरची घरे व रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्याच मार्गाने ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी चढाओढीने घरे झाडली. मिरवणुकीत झाडूवाल्यांना हार घालून मानाचे स्थान दिले होते. आज घरोघरी कचरा वेगवेगळा करून देण्याची शिस्त या शहराने अंगी बाणवली आहे. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात ते सतत अग्रस्थानी राहिले आहे. आणि ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू करणारा, रोजचा ५५० टन क्षमतेचा प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये महापालिकेने सौरऊर्जेसाठी रोखे काढले, तेव्हा लोकांनी विश्वासाने २४४ कोटी रुपये तिच्या हाती दिले. नर्मदेचे पाणी सत्तर किलोमीटरवरून उपसून आणण्याच्या विजेचा खर्च कमी व्हावा, हा त्यामागील हेतू. जुन्या सराफ्याच्या भाषेत बोलावयाचे तर महापालिकेची हुंडी बाजारात सकारली गेली.

अशा शहरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा वस्तीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे दगावली. रस्ता झाडलेला डोळ्यांना दिसतो, जमिनीखालची नळी दिसत नाही. दुकानाची पाटी कितीही झळझळीत असली तरी वजनमापाची पारख काट्यावरच होते, हे व्यापाऱ्याला नव्याने सांगावयास नको. हीनाधिक वजनमाप ठेवणे हा अचौर्यव्रताचा अतिचार मानला आहे. ज्याने विश्वासाने पैसे मोजले, त्याला ठरल्या मालापेक्षा कमी किंवा वाईट देऊ नये, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ. आणि तो पेढीला जसा लागू आहे तसा नगरपालिकेलाही आहे.

आपल्या बांधवांपैकी ज्यांना सवड असेल त्यांनी इंदूर अवश्य पाहावे. काँच मंदिराचे दर्शन घ्यावे, राजवाडा पाहावा, सकाळचे पोहे खावेत, कापड मार्केटात चार सौदे करावेत. जमल्यास मिलच्या वस्तीतूनही एक फेरी घालावी आणि एखाद्या वृद्ध कामगाराशी दोन शब्द बोलावे. त्या शहराची कमाई पुष्कळ आहे. तिच्यातले काही जमेच्या बाजूस, काही देण्याच्या बाजूस. दोन्ही बाजू उघड्या ठेवून बसणे हीच आपल्या पूर्वजांची रीत होती. पाडव्याला किंवा दिवाळीला नवी चोपडी घालताना मागील बाकी प्रथम उतरवून घेतात. इंदूरने ती उतरवून घेतली आणि उशिरा का होईना फेडावयास सुरुवात केली आहे. या नगरीची भरभराट अशीच होत राहो, आणि तिच्या वाढीत प्रत्येक कष्टकऱ्याचा वाटा वेळच्या वेळी त्याच्या हाती पडो, हीच जिनेश्वरचरणी प्रार्थना.